तारणहारांचा हिशेब

जुलै २०२५ मध्ये ब्राझीलचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या भुकेच्या नकाशावरून निघालं आणि आपल्याकडच्या भाष्यकारांना उधाण आलं. एका परिसंवादात आमच्या विद्वान स्नेह्यांनी निकालच देऊन टाकला: नेत्याकडे इच्छाशक्ती असली की दारिद्र्य हटतं, तिथले अध्यक्ष लुला हा त्याचा पुरावा. टाळ्या पडल्या. १९७१ साली ‘गरिबी हटाओ’लाही पडल्या होत्या. त्याच वर्षी पुण्याच्या गोखले संस्थेतले दांडेकर आणि रथ गरिबीचा हिशेब मांडून सांगत होते की गरिबाच्या हाताला काम द्यायला किती पैसा लागेल आणि तो कोणाच्या खिशातून काढावा लागेल. त्या हिशेबाला टाळ्या पडल्याचं कुणाला आठवत नाही.

लुलांच्या तळमळीबद्दल माझी तक्रार नाही. पर्नांबुकोत जन्मलेला हा मुलगा सातव्या वर्षी आईबरोबर ट्रकच्या हौद्यात बसून तेरा दिवसांनी साओ पावलोच्या मुलखात पोहोचला. भूक त्याला पुस्तकातून शिकावी लागली नाही. १ जानेवारी २००३ रोजी अध्यक्ष होताना तो म्हणाला की प्रत्येकाला तीन वेळचं जेवण मिळालं तरी जन्माचं सार्थक होईल. मग आली ‘शून्य भूक’ योजना. तिचा नारळ पियाउई प्रांतातल्या गुआरिबास या कंगाल गावात फुटला. महिन्याला पन्नास रियाल मिळणार, पण ते अन्नावरच खर्च केल्याच्या पावत्या दाखवायच्या. गुआरिबासमध्ये पक्की पावती देणारं दुकान कुठून आणायचं, हे इच्छाशक्तीला सुचलं नव्हतं.

वर्षभरातच लुलांनी शहाणपणाने वाट बदलली. ऑक्टोबर २००३ मध्ये ‘बोल्सा फामिलिया’ सुरू झाली, ती मागच्या सरकारच्या योजना एकत्र करून. मुलाला शाळेत पाठवणाऱ्या आईला पैसे द्यायचे, ही कल्पना १९९५ पासून ब्राझिलिया आणि कांपिनास या शहरांत राबवली जात होती. गरीब कुटुंबांची देशव्यापी नोंदवही २००१ सालची, लुलांनी ज्यांच्यावर टीका केली त्या आधीच्या अध्यक्षांच्या, कार्दोसोंच्या कारकिर्दीतली. तेव्हा स्नेह्यांच्या पुराव्यातला निम्मा माल विरोधकाच्या गोदामातला आहे.

आणि ज्या माणसाचं नाव त्या परिसंवादात घ्यायला हवं होतं, त्याचं कुणी घेतलं नाही. जोझुए द कास्त्रो हा रेसिफेचा, म्हणजे लुलांच्याच प्रांतातला डॉक्टर. १९४६ साली त्याने ‘भुकेचा भूगोल’ लिहिला आणि ब्राझीलचे अन्नाप्रमाणे पाच विभाग पाडले. ईशान्येच्या किनाऱ्यावर पाऊस आहे, काळी कसदार जमीन आहे, आणि तिथेच भूक बारमाही आहे. आत, सेर्ताओच्या कोरड्या माळावर माणसं मका, घेवडा, दूध खाऊन बऱ्यापैकी जगतात. तिथली भूक दुष्काळाबरोबर येते आणि त्याच्याबरोबर जाते. कारण? किनाऱ्यावरची जमीन उसाच्या मळेवाल्यांची. भाजीपाल्याला तिथे वीतभर जागा नाही. कास्त्रोने निसर्गाची निर्दोष सुटका केली आणि आरोपी म्हणून जमिनीच्या मालकाला उभं केलं. पश्चिम महाराष्ट्राच्या हिरव्यागार फडात बीडचं जोडपं पहाटेपासून कोयता चालवताना ज्याने पाहिलंय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

या कास्त्रोला जगाने अन्न व कृषी संघटनेच्या परिषदेचं अध्यक्षपद दिलं. मायदेशात १९६४ च्या लष्करी बंडानंतर त्याचे राजकीय हक्क काढून घेतले गेले आणि १९७३ साली तो पॅरिसमध्ये, परागंदा अवस्थेत वारला. त्याच्या कसोटीवर लुला काठावरच पास होतात. घास दिला, जमिनीची मालकी मुळात तशीच राहिली. ब्राझीलमधली जमीन आजही जगातल्या सर्वांत विषम वाटणीच्या जमिनींपैकी आहे.

इथे लेख संपवला असता तर सोयीचं होतं: नेते येतात-जातात, चालते ती यंत्रणा. पण मग २०१९ चं काय करायचं? बोल्सोनारोंनी अध्यक्षपदावर बसल्याच्या पहिल्याच दिवशी राष्ट्रीय अन्नसुरक्षा परिषद मोडीत काढली. २०१४ मध्ये नकाशावरून निघालेला देश पुन्हा त्यावर आला आणि २०२२ च्या एका पाहणीत तीन कोटी तीस लाख माणसं उपाशी असल्याचं दिसलं. सगळं खापर एका डोक्यावर फोडता येणार नाही. मंदी आधीचीच होती, सरकारी खर्चावरची मर्यादा २०१६ ची, आणि वर कोविड. तरीही एका सहीने बरंच मोडता येतं. यंत्रणेच्या भक्तांनी हे गिळायलाच हवं.

आता याच कहाणीतली खरी मौज पाहा. ज्या बोल्सा फामिलियाची बोल्सोनारोंनी वर्षानुवर्षं टिंगल केली, ती त्यांना मोडता आली नाही. २०२१ मध्ये त्यांनी तिचं नाव बदललं आणि निवडणुकीच्या वर्षात रक्कम सहाशे रियालवर नेली! परिषद एका दिवसात गेली, कारण तिथे तज्ज्ञ आणि कार्यकर्ते बसत. कार्ड मात्र एक कोटीहून जास्त कुटुंबांत होतं, बहुतेक बाईच्याच नावावर. गल्लीतल्या लॉटरीच्या दुकानात जाऊन ती दरमहा पैसे उचलत होती. तिच्या हातातलं कार्ड काढून घेण्याची छाती कुणाची झाली नाही.

उलट उदाहरण अमेरिकेचं. २००८ च्या प्रचारात ओबामांनी परदेशी मदत दुप्पट करून पन्नास अब्ज डॉलरवर नेण्याचं वचन दिलं. ते पुरं झालं नाही. ज्या बुशना जग शिव्या घालत होतं त्यांनी २००३ मध्ये, इराकवर फौजा धाडल्या त्याच वर्षी, एड्सविरोधी मोहीम उभी केली आणि आफ्रिकेत लाखो जीव वाचले. पण जानेवारी २०२५ मध्ये नव्या अध्यक्षांच्या एका आदेशाने परदेशी मदत गोठली आणि १ जुलैला ती वाटणारी संस्थाच बंद झाली. गोळ्या घेणाऱ्या मलावीतल्या बाईला आयोवात मत नाही.

म्हणून नव्या नेत्याकडून आशा ठेवायला माझी हरकत नाही, ती कशाची ठेवायची यावर वाद आहे. त्याच्या कट्टर विरोधकाला मोडता येणार नाही असं तो काय मागे ठेवणार? आपल्याकडे वि. स. पागेंची रोजगार हमी वसंतराव नाईकांच्या काळात सुरू झाली, तिचा कायदा १९७७ चा, आणि २६ जानेवारी १९७९ ला तो लागू झाला तेव्हा मुख्यमंत्री होते शरद पवार. सरकारं बदलली, हमी टिकली. शहरातल्या पगारदारांचा व्यवसाय कर तिच्यासाठीच होता. पण १९८८ मध्ये किमान वेतन दुप्पट झालं आणि त्यानंतर हमीवरची कामंच आटली. हक्क कायद्यात होता, मागणारे मात्र खडी फोडायला विखुरलेले होते.

आजच्या लाडक्या बहिणीचं नेमकं उलट आहे: मतं भरपूर, पण योजना उभी आहे शासन निर्णयावर. दोन्ही लागतं, मतही आणि कायदाही. उद्या दीड हजारांचा हप्ता थांबला तर तिने कोणत्या कलमाखाली, कोणासमोर दाद मागायची? याचं लेखी उत्तर जो देईल त्याला मत द्यावं. बाकीची तळमळ त्याने प्रचारसभेत खुशाल दाखवावी.