नावं पाठ केलीत, खेळ कुणी पाहिला?

उभे का आहात? बसा खाली. बुटांच्या नाड्या नंतर बांधा. शनिवारच्या सामन्याआधी समोरच्या संघाचा अभ्यास करून आणा, असं सांगितलं होतं. तुम्ही चौघांनी मिळून जे आणलंत ते वाचलं. आता सगळ्यांनीच ऐका. कागदावर अक्षर चौघांचं असलं तरी आळस अख्ख्या संघाचा आहे.

पहिली ओळ, ‘ते 4-3-3 खेळतात.’ दुसरी ओळ, ‘त्यांचा दहा नंबर लई डेंजर आहे.’ तिसरी ओळ, ‘गोलकीपर उंच आहे.’ त्याखाली अकरा नावं, अकरा नंबर आणि कोपऱ्यात त्यांच्या कॅप्टनचं चित्र. याला अभ्यास म्हणता? ही लग्नातली आहेराची वही झाली. कुणाचं काय आलं ते कळतं, माणूस कसा आहे ते कळत नाही. दहा नंबर डेंजर आहे म्हणजे काय? चावतो का? चेंडू पाठमोरा घेतो की वळून घेतो? कुठल्या पायानं मारतो? त्याला चेंडू देतो कोण? आणि त्याच्या अंगावर आपल्यातला कोण जाणार? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर या कागदावर नाही.

मागून कोण बोललं, ‘सर, आम्ही त्याची रील्स बघितली’? उभा राहा. रीलमध्ये त्याचे गोल दिसतात. त्याच्या पायातून निसटलेले चेंडू दिसतात का? चेंडू गेल्यावर तो परत धावतो की कमरेवर हात ठेवून उभा राहतो, ते दिसतं का? तुला जे बघायला हवं होतं तेच नेमकं कापून टाकलेलं असतं. समोरच्यानं स्वतःच्या कौतुकासाठी केलेली गोष्ट बघून तू त्याला अडवायला निघालास. शाबास. बस.

आणि परवा तुम्ही त्यांचा सामना बघायला गेला होतात ना? गॅलरीत भेळ खात बसला होतात, तेही कळलं. बावीस जण मैदानावर असताना तुमचे डोळे एका चेंडूवर. चेंडू इकडे, माना इकडे. चेंडू तिकडे, माना तिकडे. अरे, हे कोल्हापूर आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस या संघांची मॅच असली की गॅलरीत बसलेला म्हातारासुद्धा सांगतो, ‘त्या बॅकला डाव्या पायानं मारता येत नाही, त्याच्या डावीकडं ढकला.’ त्याला कुणी वही दिलेली नाही. त्याला डोळे आहेत, आणि ते चेंडूला बांधलेले नाहीत.

आता एक जुना सामना सांगतो. ऐका, कारण तुमचा सगळा रोग त्यात आहे. 25 नोव्हेंबर 1953, लंडनचं वेम्बली. इंग्लंड विरुद्ध हंगेरी. ब्रिटिश बेटांबाहेरच्या एकाही देशाकडून इंग्लंड तोवर घरच्या मैदानावर हरला नव्हता. हंगेरी कोण आहे हे इंग्लंडला माहीत नव्हतं का? आदल्याच वर्षी हेलसिंकीला ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकून आलेला संघ होता तो. पुश्काश, कोचिश, हिदेगकुटी ही नावं ठाऊक होती. नावं तुम्हालाही ठाऊक आहेत.

हंगेरीचा नऊ नंबर होता नांदोर हिदेगकुटी. नऊ नंबर म्हणजे सेंटर फॉरवर्ड, तो पुढे उभा राहणार आणि सेंटर हाफ त्याला धरणार, अशी तेव्हाची रीत. हा बाबा पुढे उभाच राहिला नाही. तो मागे, मध्यात घसरला. इंग्लंडचा सेंटर हाफ होता हॅरी जॉन्स्टन. त्याच्यापुढे पेच पडला. हिदेगकुटीच्या मागे गेला तर पाठीमागे भगदाड, त्यात पुश्काश आणि कोचिश घुसणार. जागेवर थांबला तर हिदेगकुटी मोकळा. गेला तरी मेला, थांबला तरी मेला. पहिल्याच मिनिटाला हिदेगकुटीनं गोल मारला आणि संपताना त्याचे तीन झाले होते. हंगेरी सहा, इंग्लंड तीन.

चूक जॉन्स्टनची म्हणाल तर कान उपटीन. हिदेगकुटीला कोण धरणार, याचं पक्कं उत्तर सामन्याआधी सापडायला हवं होतं. ते सापडलं नाही, म्हणून एकटा माणूस नव्वद मिनिटं दोन्हीकडून भाजला गेला. आपल्याकडे शनिवारी तो एकटा माणूस कोण असणार आहे? सेंटर बॅक, मान वर कर. तूच. आणि तुला तिथं पोचवणारे हे तुझे शेजारी बसलेत.

उलट हंगेरीचा कोच गुस्ताव शेबेश काय करत होता बघा. महिनाभर आधी इंग्लंडचा सामना बघायला तो स्वतः वेम्बलीला गेला. तिथलं मैदान मोजून आला. इंग्लंडमध्ये वापरतात तसले चेंडू मिळवले आणि घरी तेवढ्याच मापाच्या मैदानावर पोरांकडून सराव करून घेतला. ऑलिंपिक जिंकलेला कोच मैदान मोजायला जातो, आणि तुम्हाला समोरचा संघ गोलकिक आखूड घेतो की लांब, तेवढंही बघवलं नाही.

गोष्ट इथं संपत नाही. सहा महिन्यांनी, मे 1954 मध्ये, इंग्लंड बुडापेस्टला गेलं. सेंटर हाफ बदलला होता, उत्तर सापडलं नव्हतं. 7-1. माणूस बदलून चालत नाही, विचार बदलावा लागतो. ‘सर, मला बेंचवर ठेवा, याला खेळवा’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग हंगेरीला धरलं कुणी? त्याच वर्षीच्या विश्वचषकात गटातल्या सामन्यात पश्चिम जर्मनी हंगेरीकडून 8-3 अशी हरली. त्यांचा कोच सेप हेर्बेर्गर, त्यानं त्या दिवशी बरेच राखीव खेळाडू उतरवले होते. 4 जुलैला बर्नमध्ये फायनलला पुन्हा तेच दोन संघ समोरासमोर. या वेळी होर्स्ट एकेल नावाच्या मिडफिल्डरला एकच काम दिलं होतं. हिदेगकुटी जाईल तिकडे जायचं. सेंटर बॅकनं आपली जागा सोडायची नाही. म्हणजे जॉन्स्टनच्या पेचाचं उत्तर जॉन्स्टनकडे नव्हतंच, ते मधल्या फळीतल्या माणसाकडे होतं. आठ मिनिटांत दोन गोल खाऊनसुद्धा जर्मनी 3-2 जिंकली आणि हिदेगकुटीला एकही गोल मिळाला नाही. पाऊस होता, पुश्काशचा घोटा दुखावलेला होता, हे खरं. पण एकेलचं काम आधी ठरलेलं होतं, हेही तितकंच खरं.

जुनं वाटतंय? तोंडं वाकडी करू नका. 22 नोव्हेंबर 2022 आठवा. तुमच्यातले निम्मे मेस्सीचा निळा-पांढरा शर्ट घालून टीव्हीपुढे बसले असतील आणि सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला 2-1 असं हरवलं. ‘मेस्सी लई डेंजर आहे’ असं सौदीच्या कोचनंही लिहिलं असतं, तर हातात शून्य आलं असतं. त्यानं बचावाची रेघ पार पुढे आणून ठेवली. अर्जेंटिनाचे तीन गोल पहिल्या अर्ध्यातच ऑफसाइड म्हणून बाद झाले. यात धोका नव्हता का? होता. एक जण जरी मागे रेंगाळला असता तर गोल बसला असता. म्हणूनच ते काम बचावातल्या चौघांनी एकाच वेळी करायचं असतं, आणि आपले चौघे काल सरावात एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते.

गोलकीपर, हसू नकोस, तुझीही पाळी आहे. 2006 च्या विश्वचषकात जर्मनी-अर्जेंटिना सामना पेनल्टींवर गेला, तेव्हा येन्स लेहमानच्या मोज्यात एक चिठ्ठी होती. अर्जेंटिनाचा कोण पेनल्टी कुठे मारतो ते त्यात लिहिलेलं. त्या यादीतले दोघेच प्रत्यक्ष मारायला आले. कांबियासोचं तर नावच चिठ्ठीत नव्हतं. तरी लेहमाननं त्याच्यासमोर शांतपणे ती काढून वाचली आणि त्याची किक अडवली. अभ्यास केलेला माणूस दिसतो कसा, ते बघ. तू काल विचारलंस, ‘सर, त्यांची पेनल्टी कोण घेतो?’ हे मला विचारायचं नसतं. हे तू मला सांगायचं असतं.

आणि कॅप्टन, तुझं ते वाक्य, ‘समोर कुणीही असो, आपण आपला खेळ खेळायचा.’ भाषणाला छान आहे. आपला खेळ म्हणजे कुठला? मागच्या सामन्यात पहिल्या अर्ध्यात एकाच बाजूनं दोनदा गोल खाल्ले, तो? समोरचा कोण आहे हे न बघता खेळणं म्हणजे शौर्य वाटतं तुला. मला त्यात घरचा अभ्यास टाळायची युक्ती दिसते.

आता काम ऐका. गुरुवारी त्यांचा पुन्हा सामना आहे. सगळे जायचं. भेळ सामना संपल्यावर. प्रत्येकानं आपल्यासमोर येणारा एकच माणूस बघायचा, चेंडू त्याच्याकडे नसतानासुद्धा. लेफ्ट बॅक, त्यांचा विंगर आत वळतो की रेषेवरून पळतो? विंगर, त्यांचा बॅक वर गेला की त्याची मागची जागा कोण भरतो, की मोकळीच राहते? मिडफिल्ड, चेंडू गेल्यावर पहिल्या पाच सेकंदांत ते अंगावर येतात की मागे सरकतात? सेंटर बॅक, कॉर्नरला त्यांचा उंच पोरगा जवळच्या खांबाला धावतो की लांबच्या? गोलकीपर, त्यांचा गोली क्रॉस आला की बाहेर येतो की रेषेला चिकटतो? आणि दहा नंबरवर सहा नंबरनं नजर ठेवायची. तो पाणी कधी पितो तेसुद्धा मला कळलं पाहिजे.

प्रत्येक उत्तराखाली दुसरी ओळ लिहायची, ‘म्हणून मी काय करणार.’ ती ओळ नसेल तर वरचं सगळं खोडा, ते कुणाच्याही उपयोगाचं नाही. जो कागद ‘लई डेंजर’वर संपेल तो मी वाचणार नाही.

शुक्रवारी सकाळी सरावाआधी प्रत्येकाला उभं करून विचारीन. ज्याला दोन्ही ओळी सांगता येणार नाहीत तो शनिवारी बाकावर बसेल, मग तो कॅप्टन असो नाहीतर या संघात सगळ्यांत जास्त गोल मारणारा. उठा, नाड्या बांधा आणि मैदानाला चकरा सुरू करा.