गुंगीतले खाते

गुंगीत माणूस खरे बोलतो अशी एक समजूत आहे. ती बरोबर असेल तर बँकेत नोकरी करणाऱ्याने गुंगी घेऊच नये, असे माझे मत होते. बावीस वर्षे मी काउंटरवर बसून लोकांशी गोड बोलत आलो आहे. 'लिंक नाही', 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' आणि 'प्रिंटर उद्या नक्की दुरुस्त होईल' ही माझी तीन मुख्य विधाने. यांच्यामागचे सत्य एकदम बाहेर पडले तर शाखेला कुलूप लावावे लागेल. म्हणून डॉक्टर जेव्हा म्हणाले, "गुंगी देऊन करू, काळजी नको," तेव्हापासून मला काळजी लागली. दुखण्याची नव्हे हो, बोलण्याची.

करायची होती कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी. ही दुर्बीण कोणत्या दाराने आत जाते ते सभ्य वाचकांनी विचारू नये. आमच्या बँकेत कॅश ज्या दाराने येते त्याच, एवढेच सांगतो. आदल्या रात्री दोन लिटर पाण्यात एक पावडर कालवून प्यायची असते. तिचे कार्य त्या रात्री मला आणि आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला चांगलेच समजले. पहाटेपर्यंत माझा क्लोजिंग बॅलन्स शून्यावर आला होता.

पोटाचे काही मोठे निघाले की गोंदियाचा माणूस सवयीने नागपूरची गाडी धरतो. पण अशा रात्रीनंतर गाडीत बसण्याचे धाडस मला झाले नाही. गावातच करायचे ठरले. तिथे मला त्या सिस्टर भेटल्या.

आपण समजतो की तपासणी डॉक्टर करतात. करतात, पण त्यांचे सगळे लक्ष टीव्हीच्या पडद्यावर, म्हणजे आपल्या आतड्यावर असते. आतड्याच्या भोवती जो उरलेला माणूस असतो तो सिस्टरच्या ताब्यात. आल्याआल्या त्यांनी माझी उलटतपासणी सुरू केली. रात्रीपासून काही खाल्ले का? कवळी आहे का? एखादा दात हलतो का? कुठल्या औषधाची ॲलर्जी? घरी न्यायला कोण आले आहे? झोपेत घोरता का? शेवटच्या प्रश्नाला मी विचार करत होतो तेवढ्यात पडद्यामागून बायकोने "हो!" असे खणखणीत उत्तर दिले. सिस्टरनी ते लिहून घेतले. घोरणाऱ्या माणसाचा श्वास गुंगीत अडू शकतो म्हणे, त्यामुळे त्याच्या हनुवटीवर विशेष नजर ठेवावी लागते. आमच्या घरात वीस वर्षे ही नजर आहेच, फक्त तिचा हेतू वेगळा आहे.

मग त्यांनी संमतीचा कागद पुढे केला. "जिथं पेन्सिलीनं फुली आहे तिथं सही करा जी भाऊ." मी चमकलो. हे वाक्य माझे होते! लोकांच्या कर्जाच्या कागदांवर चौदा-चौदा फुल्या मारून मी ते रोज म्हणतो, आणि लोक न वाचता सह्या करतात. मीही केली, न वाचता.

"आणखी एक," सिस्टर म्हणाल्या, "चोवीस तास गाडी चालवायची नाही. अन् महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही."

"अहो, माझी नोकरीच सह्यांची."

"मग सुट्टी घ्या जी."

माणूस देवासारखा भेटतो तो असा. शेवटी मी तो प्रश्न विचारला जो आडवा झालेला प्रत्येक माणूस विचारत असेल. "सिस्टर, दुखेल का?"

"तुम्हाला काही आठवणार नाही जी," त्या म्हणाल्या.

मी समाधानाने डाव्या कुशीवर वळलो. बोटाला ते चिमट्यासारखे यंत्र लावले गेले. कोरोनाच्या साथीत, २०२०-२१ साली, ते घराघरांत थर्मामीटरच्या शेजारी येऊन बसले होते. ताकुओ आओयागी नावाच्या जपानी माणसाने १९७४ च्या सुमारास त्यामागची युक्ती शोधली. यंत्र 'टुक टुक' करू लागले. समोरच्या भिंतीवर एक कॅलेंडर होते. त्याच्यावरच्या सुट्ट्या मी मोजायला घेतल्या. दुसऱ्या सुट्टीवर असताना मी विचारले, "सुरू कधी करणार?"

"झालं की जी!" सिस्टर म्हणाल्या.

आतडे निर्मळ निघाले. शाखेत परतल्यावर मी सगळ्यांना सांगत सुटलो, "काही कळत नाही हो! कॅलेंडर बघता बघता खलास!" आमचे हेड कॅशियर दोन वर्षे ही तपासणी टाळत होते. माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी नंबर लावून टाकला.

चार दिवसांनी दुपारी काउंटरच्या काचेखालून एक पासबुक आत आले. त्यामागोमाग एक मनगट दिसले आणि त्या मनगटावर चार छोट्या चंद्रकोरी, वाळत आलेल्या. वर पाहिले तर सिस्टर.

"मांजर पाळलंय वाटतं?" मी विनोद केला. ग्राहकसेवेत विनोद करावा असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले आहे.

"मांजर नाही जी. तुम्ही."

काचेमागे बसल्याचा एक फायदा म्हणजे चेहरा लपवायला कॉम्प्युटर असतो. मी बराच वेळ पासबुक छापत राहिलो. दुर्दैवाने त्या दिवशी प्रिंटर खरोखरच चालू होता.

"म्हणजे मला दुखत होतं?"

"मधे थोडा वेळ. वळणावर दुखते कोणा-कोणाला. तुम्ही 'नको, बास करा' म्हणत होते. डॉक्टर थांबले जरा, औषध थोडं वाढवलं, मग पुढं गेले."

"आणखी काय बोललो?"

त्या हसल्या. "तुम्ही सांगता का जी, कोणाच्या खात्यात किती आहे ते?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आयुष्यात प्रथमच गुप्ततेचा नियम मला ग्राहकाकडून ऐकावा लागला. पण जाता जाता त्यांनी एवढे सांगितले की मी आईला हाका मारत होतो. मी लगेच खुलासा केला की 'आई गं' हा केवलप्रयोगी अव्यय आहे, त्यात आईला बोलावणे असतेच असे नाही. "असंल जी," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही 'कुठं गेलीस' असंही म्हणत होते."

त्या दिवशी माझी कॅश दीडशे रुपयांनी कमी आली.

घरी येऊन मी विचार करू लागलो. मी कॉमर्सचा पदवीधर. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध भिंतीवरच्या सुविचारापुरता. तरी मला एक गोष्ट खटकली. मी विचारले होते, दुखेल का? उत्तर मिळाले, आठवणार नाही. म्हणजे मी विचारले डेबिटबद्दल आणि उत्तर आले पासबुकाबद्दल! गुंगीसाठी सर्रास वापरतात ते मिडॅझोलॅम हे औषध १९७० च्या दशकातले. ते भीती घालवते, सुस्ती आणते आणि त्या वेळात घडणाऱ्या गोष्टींची आठवण तयार होऊ देत नाही. माणूस हाक मारली तर ओ देतो, कुशीवर वळ म्हटले तर वळतो, 'नको' म्हणतो, नखे रुतवतो. पण यातले काहीही लेजरला चढत नाही. मग ते दुखणे कुणाचे? माझे म्हणावे तर माझ्याकडे नोंद नाही. कुणाचेच नाही म्हणावे तर सिस्टरच्या मनगटावर चार नोंदी आहेत. बँकेत असल्या बेवारशी रकमेसाठी सस्पेन्स अकाउंट असते. मालक सापडेपर्यंत रक्कम तिथे पडून राहते, आणि ऑडिटर आला की सगळ्यांची झोप उडते.

या विषयात एका अर्थशास्त्राच्या नोबेलवाल्याने लक्ष घातले होते हे कळल्यावर मला जरा धीर आला. डॅनिएल काह्नेमन, २००२ साली त्यांना ते पारितोषिक मिळाले. त्यांनी आणि टोरांटोच्या डॉ. रेडेलमायर यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, माझ्यासारखीच तपासणी चाललेल्या १५४ रोग्यांना, दर मिनिटाला 'आत्ता किती दुखतंय?' असे विचारले. कुणाची तपासणी चार मिनिटांत आटोपली, कुणाची ६९ मिनिटे चालली. नंतर 'एकूण किती दुखले?' असे विचारले तेव्हा या मिनिटांचा जवळपास काहीच हिशेब नव्हता. सर्वांत वाईट क्षण कोणता आणि शेवट कसा झाला, यावरच उत्तरे ठरली. मग ६८२ जणांवर आणखी एक प्रयोग झाला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांची तपासणी संपल्यावर दुर्बिणीचे टोक काही मिनिटे नुसतेच आत राहू दिले. म्हणजे त्रास एकूण जास्तच. पण शेवट सौम्य. आणि ते लोक म्हणाले, आम्हाला कमी दुखले! मला वाटते, ज्याने आमच्या बँकेत कर्जाचे हप्ते ठरवण्याची पद्धत काढली त्याने हा प्रयोग आधीच वाचला असावा.

पण मला जास्त छळत होते ते 'बास करा'. आधी मी सही केली होती. ती शुद्धीतली. नंतर 'नको' म्हणालो. ते गुंगीतले. ग्राहकाने आधी चेक दिला आणि नंतर 'स्टॉप पेमेंट' म्हणाला तर आम्ही पैसे रोखतो, ऐकावेच लागते. मग माझे का पूर्ण ऐकले नाही? मी रागावणारच होतो, तेवढ्यात मला एक जुनी गोष्ट आठवली. मंडईच्या दिवसांत एक शेतकरी मोहाची घेऊन तर्र होऊन आला आणि लेकीच्या लग्नासाठी ठेवलेली एफडी मोडून द्या म्हणून ओरडू लागला. मी त्याला सांगितले, "लिंक नाही, उद्या या." त्याचेही तेव्हा मी ऐकले नव्हते. कालचा तो खरा, आजचा नव्हे, असे मी परस्पर ठरवून टाकले होते. ही गोष्ट मी पुष्कळ वर्षे अभिमानाने सांगत असे. तिचा शेवट मात्र सांगत नसे. तो दुसऱ्या दिवशी आला, पूर्ण शुद्धीत आला, आणि तीच एफडी मोडून गेला.

हे काम नाजूक आहे एवढे खरे. आपल्या मराठवाड्यावर निजामाचे राज्य होते त्या काळात, १८८८ आणि १८८९ साली, त्याच निजामाच्या हैदराबादेत क्लोरोफॉर्मवर दोन कमिशने बसली होती. रूपाबाई फर्दुनजी या पारशी डॉक्टरीणबाई त्या कामात होत्या. त्यांना जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ मानतात. तिथले मुख्य डॉक्टर लॉरी यांचे सांगणे एकच होते: नाडी सोडा, श्वासाकडे बघा. पुढच्या संशोधनाने दाखवले की क्लोरोफॉर्म हृदयालाही सरळ दगा देतो. म्हणजे दोन्हीकडे बघायला हवे. आता यंत्र दोन्ही बघते. पण मनगट कुठल्याही यंत्राला नाही.

पुढच्या आठवड्यात हेड कॅशियरना घेऊन मीच गेलो. माझ्या जाहिरातीला भुललेला माणूस. एवढे तर करायलाच हवे होते. ते आत असताना मला दाराच्या फटीतून दिसले. डॉक्टर पडद्याकडे बघत होते, आणि सिस्टर एका हाताने यंत्राचा आकडा लिहीत होत्या. दुसरा हात हेड कॅशियरच्या मुठीत होता. "झालं जी, थोडंच राहिलं," असे त्या पुन्हा पुन्हा, दर वेळी पहिल्यांदाच सांगतो आहोत अशा आवाजात, सांगत होत्या.

बाहेर आल्यावर मी विचारले, "सिस्टर, यातलं एक अक्षर त्यांना आठवणार नाही. मग हात कशाला देता?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "तेव्हा तर दुखतेच ना जी," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाच्या कवळीची चौकशी करायला गेल्या.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ती मी गुंगीशिवाय सांगतो आहे, याची नोंद घ्यावी. माझी आई आमगाव तालुक्यात थोरल्या भावाकडे असते. तिची आठवण गेली आहे. पूर्वी मी दर रविवारी जात असे. दीड वर्षापूर्वी माझ्या लक्षात आले की मी गेल्या रविवारी गेलो काय, महिन्यापूर्वी गेलो काय, ती एकच म्हणते, "किती दिस झाले रे बाबू तुले येऊन!" जमा केले तरी पासबुकात दिसत नाही. मग मी एक रविवार सोडला. मग दोन. काटकसर ही बँकेतल्या माणसाची सवयच आहे.

त्या रविवारी मी सकाळची गाडी धरून गेलो. आई ओसरीवर बसली होती. "किती दिस झाले रे बाबू तुले येऊन!" म्हणाली. मी म्हटले, "आत्ताच आलो." तिने माझा हात धरला, कमरेची पिशवी सोडली आणि तिकिटासाठी म्हणून दहाची नोट हातावर ठेवली. जेवण झाल्यावर पुन्हा म्हणाली, "कवा आलास?" आणि पुन्हा दहाची नोट ठेवली. चहाच्या वेळी तिसरी.

संध्याकाळी ती लवंडली तेव्हा मी तीस रुपये तिच्या पिशवीत परत ठेवत होतो. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिले आणि भावाला हाक मारून सांगितले की कोणीतरी माणूस आपले पैसे काढतो आहे.