जटायूला कुंकू का नाही

आमच्या मळवलीच्या घरात राजा रविवर्म्याची दोन चित्रं आहेत. लक्ष्मी देवघरात, जटायूवध ओसरीवर. यंदाच्या पावसात भिंत पाझरली आणि दोन्हींच्या पुठ्ठ्यांना वाळवी लागली. लक्ष्मीबद्दल घरात दुमत नाही. हळदकुंकू वाहायचं, लाल कापडात बांधायची आणि इंद्रायणीत सोडायची. (नदीत काही टाकू नका, असं सून म्हणते. तिचंही बरोबर आहे.) प्रश्न जटायूचा. "रद्दीत दे," भाऊ म्हणाला. माझा हात धजेना.

म्हटलं तर दोन्हींचा कागद एक, शाई एक. रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि 1899 मध्ये इथे आमच्या मळवलीला आला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला आणि 1972 मध्ये आगीत गेला. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा, एकावर एक ठसे. लक्ष्मीच्या तळव्याचा गुलाबी आणि जटायूच्या जखमेचा लाल बहुधा एकाच माणसाने घोटला असेल. त्यातलं कुठलं चित्र देवघरात जाणार, हे त्याला कोण सांगणार?

आमच्या स्टेशनाच्या दोन्ही अंगांना हेच कोडं आहे. एका बाजूला भाज्याच्या लेण्यात रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं आहेत. दोन हजार वर्षं जुनी, पण त्यांच्यापुढे कोणी नारळ फोडत नाही. पलीकडे कार्ल्याला लेण्याच्या दारातच एकवीरा, आणि तिथे पाय ठेवायला जागा नसते.

रविवर्म्याने तैलरंगाची युरोपीय रीत उचलली. त्या रीतीचा मोठा उस्ताद म्हणजे रुबेन्स. चारशे वर्षांपूर्वी त्याने ग्रीक पुराणातला, साखळदंडातला प्रोमिथियस काढला. वीज पडावी तसं उताणं पडलेलं अंग, वर यकृत फाडणारा गरुड. गरुड मात्र स्नायडर्स या दुसऱ्या चित्रकाराने रंगवला. तो गरुड ज्या ज्युपिटर देवाचा, त्याच्यापुढे दिवा लावणारं तेव्हा कोणी उरलं नव्हतं. म्हणून चित्रकाराला मोकळं रान. देव जागता असला की गोष्ट वेगळी. त्याच काळात काराव्हाज्जोने मेरीचा मृत्यू रंगवला, तर ज्यांच्या देवळासाठी काढला त्या साधूंनी तो नाकारला. मेरी फारच मेलेली दिसत होती.

रविवर्म्याची लक्ष्मी मात्र कोणी नाकारली नाही. हाडामांसाची बाई दिसते म्हणून नाकं मुरडणारे होते, आहेत. पण आजीने तिच्यापुढे जन्मभर निरांजन लावलं. प्राणप्रतिष्ठा नाही, मंत्र नाही. रोज अनामिकेचं एक बोट, इतकंच. काचेवर कपाळाच्या जागी कुंकवाचा थर इतका साचला होता, की नखाने खरवडावा लागायचा.

लहानपणी मी आजीला विचारलं होतं, जटायूच्या चित्रात सीतामाई आहे, मग त्याला कुंकू का नाही?

"अगं, रावण आहे ना त्यात. हात चुकून त्याला लागायचा."

मला तेव्हा हसू आलं. आता वाटतं, देव कागदात असतो की नसतो यावर पोथ्या वाचलेल्यांपेक्षा तिला नेमकं ठाऊक होतं. तिच्या बोटाला कागदावरचा रावणही खराच होता. लक्ष्मी कागदाची म्हणून कमी नव्हती, आणि रावण कागदाचा म्हणून निरुपद्रवी नव्हता.

आणि जटायू? रुबेन्सचा पक्षी देवाच्या हुकमाने फाडतो. आमचा म्हातारा पक्षी कोणाच्याही हुकमाशिवाय आडवा येतो आणि स्वतः फाटतो. रामाने त्याला अग्नी दिला, आपल्या माणसाला द्यावा तसा. हे मी भावाला ऐकवलं. "मग काय, चित्राला अग्नी देणार?" तो म्हणाला.

काल पुठ्ठा सोडवताना चौकटीच्या खालच्या खाचेतून, तुटलेल्या पंखाशेजारून, काळपट चुरा सांडला. वास घेतला. तुळस. कुंकू लावत नव्हती, पण रामनवमीला आजी एक पान तिथे खोचायची, ते मी विसरलेच होते.

चुरा लक्ष्मीच्या लाल कापडात बांधला. जटायू अजून भिंतीला टेकून आहे. भाऊ विचारतो तेव्हा सांगते, रद्दीवाला आलाच नाही.