फळाचा हक्क आणि फळाची चौकशी

तुर्कस्तानच्या आग्नेय भागात, सीरियाच्या सरहद्दीला टेकून हर्रानचं मैदान पसरलं आहे. तिथल्या मातीवरचे शोधनिबंध मी नोकरीभर वाचत आलो, कारण माझंही आयुष्य क्षारपड जमिनीतच गेलं. कृष्णाकाठी आपण उसाला मोकाट पाणी दिलं आणि काळी कसदार रानं चोपण करून ठेवली. हर्रानला उसाच्या जागी कापूस, एवढाच फरक. अतातुर्क धरणाचं पाणी २६ किलोमीटरहून लांब अशा जुळ्या बोगद्यांतून १९९०च्या दशकाच्या मध्याला त्या मैदानात उतरलं. माती चिकण, उतार दक्षिणेकडे, निचऱ्याची सोय अपुरी. काही वर्षांतच अक्चाकालेच्या सखल पट्ट्यात भूजल जमिनीखाली दोन मीटरच्या आत आलं आणि रानावर मीठ फुललं.

जवळच्या शान्लिउर्फा शहरात १९९२ साली हर्रान विद्यापीठ स्थापन झालं. त्या वर्षी एकाच कायद्यानं तुर्कस्तानात वीसहून अधिक उच्चशिक्षणसंस्था उभ्या राहिल्या, त्यांतलं हे एक. म्हणजे पाण्याच्या थोडंसं आधी विद्यापीठ आलं. त्याच्या कृषी शाखेतल्या संशोधकांनी ही माती खणली, तिचे क्षार मोजले आणि बरंचसं तुर्की भाषेत, आपल्याच विद्यापीठाच्या नियतकालिकात छापलं. जागतिक क्रमवारीत असं विद्यापीठ वरच्या पानांवर सापडत नाही. मग त्याच्या कामाचा प्रभाव किती धरायचा? हा प्रश्न माझ्या लेखी आकडेवारीचा कमी आणि धर्माचा जास्त आहे.

प्रभाव मोजायची आजची पद्धत फार जुनी नाही. यूजीन गारफील्ड यांनी १९६४ साली विज्ञानातल्या संदर्भांची सूची काढली. कोण कोणाला उद्धृत करतो हे शोधता यावं, हा तिचा हेतू. २००५ साली हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं माणसाच्या अख्ख्या संशोधनाला एका अंकात बसवणारा एच-निर्देशांक सुचवला. तुर्कस्ताननं २०१६पासून प्राध्यापकांना वर्षभरातल्या प्रकाशनांच्या आणि उद्धरणांच्या गुणांवर भत्ता द्यायला सुरुवात केली. वाट शोधायला काढलेली सूची अशी पगाराला जोडली गेली.

आकड्यांच्या बाजूनंही बोलायला हवं. लहान गावच्या विद्यापीठात माणूस कुणाचा, कुणाच्या मर्जीतला, यावर पदं ठरतात हे मी जवळून पाहिलं आहे. तिथे पाठीशी कुणी नसलेल्या तरुणाला त्याच्या निबंधांची मोजदादच आधार देते. तो आधार काढून घ्या असं मी कधीच म्हणणार नाही.

पण याच हर्रानच्या मातीत साबित इब्न कुर्रा जन्मला, नवव्या शतकात. चंद्र-ताऱ्यांना पूजणाऱ्या साबी पंथाचा हा माणूस खलिफांच्या बगदादमध्ये जाऊन गणिती झाला. २२० आणि २८४ ही जोडी घ्या: एकीच्या भाजकांची बेरीज (ती संख्या स्वतः सोडून) दुसरी येते, आणि दुसरीच्या भाजकांची पहिली. अशा मित्रसंख्या शोधण्याचा नियम साबितनं सिद्ध केला. सतराव्या शतकात फर्मा आणि देकार्त यांनी तोच नियम स्वतंत्रपणे पुन्हा शोधला. त्यांच्यापुरतं पाहिलं तर साबितचा प्रभाव शून्य. म्हणून नियम शून्य ठरला का? त्याच हर्रानचा अल-बत्तानी. रक्का इथे चाळीसेक वर्षं आकाश मोजत राहिला, आणि १५४३ साली कोपर्निकसच्या ग्रंथात त्याचं नाव पुन्हापुन्हा आलं. सहाशेहून अधिक वर्षांनी! सत्य आणि त्याची दखल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या दोघांकडे पाहिलं की स्पष्ट होतं.

हर्रान विद्यापीठात कृषी शाखेप्रमाणे इस्लामी धर्मशास्त्राचीही शाखा आहे. तिथे शिकवल्या जाणाऱ्या परंपरेत पैगंबरांचं एक वचन प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा, की माणूस मेल्यावर त्याचं कर्म थांबतं, पण तीन गोष्टी चालू राहतात: वाहतं दान, उपयोगी ज्ञान आणि त्याच्यासाठी दुवा मागणारं सदाचारी अपत्य. निरुपयोगी ज्ञानापासून वाचव, अशी प्रार्थनाही त्या परंपरेत आहे. ज्ञानाला फळ असतं आणि ते मोजलंही जातं, पण ती वही ज्ञान्याच्या हातात नसते.

आपल्याकडे गीता फळावरचा हक्क सोडायला सांगते. मी तरुणपणी याचा अर्थ 'आपण निबंध लिहावा, पुढचं देव जाणे' असा घेणारी माणसं पाहिली. ते मला कधी पटलं नाही. फळावर हक्क नाही म्हणजे फळाची चौकशीही नाही, असं कुठे आहे? मिरजेकडच्या एका आजींनी मला बांधावर उभं करून ढेकळाचा कण जिभेवर ठेवायला लावला होता. "तुमच्या कागदात काय बी असू द्या, साहेब, ह्ये अजून खारटच लागतंय," असं त्या म्हणाल्या. त्या मला श्रेय देत नव्हत्या की नाकारत नव्हत्या. त्यांना रान हवं होतं. निष्काम माणसानं तर हे ऐकायला सर्वात आधी तयार असावं, कारण उत्तर काहीही आलं तरी त्याचं काही हिरावलं जाणार नसतं.

निर्देशांकाशी माझं भांडण इथे आहे. तो नेमकं उलटं शिकवतो. हक्क पक्का करतो आणि चौकशीची गरज संपवतो. निबंध उद्धृत झाला की काम फळलं असं धरलं जातं. अक्चाकालेतल्या कापसाच्या मुळांशी काय झालं, हे कुणी विचारत नाही. तिथल्या एखाद्या शेतकऱ्याच्या रानात पुढे जमिनीखालून निचऱ्याचे सच्छिद्र पाइप टाकले गेले, मीठ धुऊन गेलं, तरी तो कुणाचाही निबंध उद्धृत करणार नाही. तो कापूस वेचेल.

आमच्या कामात शेतात एक छिद्रं पाडलेली नळी उभी पुरतात. तिच्यात मोजपट्टी सोडायची, टोकाला पोकळ वजन. ते पाण्याला लागलं की 'डुब्' असा आवाज येतो, आणि तेवढ्या सेंटिमीटरवर भूजल. निबंधातला तक्ता याच आकड्यांचा बनतो. छापून आला की बहुतेक जण त्या नळीकडे परत फिरकत नाहीत. उर्फाला काय, सांगलीला काय. पदोन्नतीच्या अर्जात माझ्या मते एक रकाना असायला हवा: निबंधानंतर पाच वर्षांनी त्या रानात पुन्हा पट्टी सोडली का, आणि पाणी किती खोल लागलं? पाणी उतरलं नाही, उपाय फसला, असं प्रामाणिक उत्तर आलं तरी त्याला पूर्ण गुण द्यावेत.