सैल स्प्रिंग

कुर्डुवाडीत वाढलेल्या माणसाला लोखंडावरचे आकडे वाचायची सवय नकळत लागते. डब्याच्या टोकाला रंगवलेली 'पीओएच'ची तारीख बघून डबा कारखान्यात शेवटचा कधी खोलला होता, हे आमच्याकडची शाळकरी पोरंही सांगायची. रेल्वे वर्कशॉपमधली माणसं शेजारीपाजारी राहायची आणि त्यांच्या गप्पांत डबे नंबरानं यायचे. नंबर म्हणजे त्या वस्तूची जन्मपत्रिका, ही समजूत माझ्यात तिथूनच आली.

ती उपयोगी पडली काकांच्या मार्क टू ॲम्बॅसडरच्या वेळी. गाडी वर्षानुवर्षं एकच तक्रार करायची. बार्शी मागे टाकून येडशीचा चढ लागला की इंजिन नॉकिंग करायचं. मिस्त्री टायमिंग मागे घ्यायचा. नॉकिंग थांबायचं, पण मग सपाटीवर गाडीला पिकअप उरायचा नाही. कुणी पेट्रोलला नावं ठेवली, कुणी हेड खोलून कार्बन काढला. प्लग बदलले, कॉइल बदलली, सीबी पॉइंट तर कितीदा बदलले याचा हिशेबच नाही. शेवटी डिस्ट्रिब्यूटर काढून मी घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याच्यापुढे बसलो.

या मुठीएवढ्या भांड्याकडून इंजिनची अपेक्षा मोठी असते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर ठिणग्या हव्यात, त्याही 1-3-4-2 या क्रमानं. शिवाय प्रत्येक ठिणगी योग्य क्षणी पडायला हवी आणि तो क्षण वेगाबरोबर सरकत असतो. पेट्रोलची वाफ जळायला लागणारा वेळ फारसा बदलत नाही, फेरे दुप्पट झाले की पिस्टन मात्र दुप्पट वेगानं वर येतो. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडली पाहिजे. हे काम पॉइंटच्या पत्र्याखाली लपलेली दोन वजनं करतात. फिरण्याच्या जोरानं ती बाहेर फेकली जातात आणि दोन बारीक स्प्रिंगा त्यांना आवरून धरतात. किती वेगाला ठिणगी किती पुढे जायची, हे या दोन स्प्रिंगा ठरवतात.

रॉकेल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन मी भांडं धुतलं. पॉलिश पेपर मुद्दाम लांब ठेवला. अंगावरचा मळ निघाला तशा खाचा दिसू लागल्या. त्यांवर खडू चोळून फडक्यानं पुसलं आणि आकडे पांढरे होऊन वर आले: लुकास, 25डी4, पाच आकडी नंबर आणि त्याशेजारी चार आकडे. लुकासच्या पद्धतीत त्या चारांतले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. व्हॅक्यूमच्या डबीवरही तीन आकडे कोरलेले असतात. ते 5-17-8 असे असतील, तर पाऱ्याच्या पाच इंच निर्वाताला डबी ओढायला लागते, सतराला तिची ओढ पुरी होते आणि तोवर ठिणगी डिस्ट्रिब्यूटरच्या मापानं आठ अंश पुढे सरकते. क्रँकवर मोजले तर ते सोळा अंश, कारण डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. आतल्या कॅमवरही वजनांनी जास्तीत जास्त किती अंश पुढे न्यायचं, तो आकडा ठोकलेला असतो. बनवणाऱ्यानं सगळं सांगून ठेवलं आहे, वाचणारा मात्र हवा.

पत्रा उचलला तेव्हा आत दोन्ही स्प्रिंगा सारख्याच बारीक, सारख्याच ताणलेल्या दिसल्या. बघायला अगदी नीटनेटकं. खोट नेमकी तिथेच होती. या जातीच्या बऱ्याच डिस्ट्रिब्यूटरांत एक स्प्रिंग बारीक असते आणि दुसरी जाड. जाड स्प्रिंगचं एक टोक लांबट असतं, त्यामुळे ती खिळीवर सैल लोंबते. कमी वेगाला बारीक स्प्रिंग एकटीच वजनं सांभाळते, वेग वाढला की सैलपणा संपून जाड स्प्रिंग आवळते आणि पुढचं सरकणं धिमं करते. तो सैलपणा मोजूनमापून ठेवलेला असतो. पूर्वी कधीतरी कुणा कारागिराला ती स्प्रिंग ढिली पडलेली वाटली असावी आणि त्यानं चांगल्या मनानं तिथे दुसरी घट्ट, बारीक बसवली. त्या दिवसापासून आवरणारं कुणी उरलं नाही. ठिणगी घाईनं पुढे जायची आणि चढावर, इंजिनवर ओझं असताना, ती घाई ऐकू यायची. जुनी जाड स्प्रिंग काकांच्या खिळ्यांच्या डब्यात सापडली.

त्या कारागिराला दोष देऊन मला भागवायचं नाही. आपल्याकडे दुरुस्तीचा एक मोठा निकष आहे: बसतंय ना, मग चाललं. टंचाईच्या काळात याच निकषावर गाड्या रस्त्यावर राहिल्या, हे मी मान्य करतो. पण बसणं आणि जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुर्डुवाडीला हे निराळं सांगावं लागू नये. 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं इथून बार्शीला अडीच फुटी रूळ नेले, तेव्हापासून कितीतरी दशकं या एका स्टेशनात दोन मापांच्या गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहिल्या. माल एकीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. फार कटकटीचं काम, पण त्यात चूक लपत नसे: छोट्या मापाचा डबा मोठ्या रुळावर चढूच शकत नव्हता. डिस्ट्रिब्यूटरचा धोका उलटा आहे. तोच 25डी4 मॉरिस मायनरमध्ये, मिनीमध्ये, एमजीमध्ये होता. बाहेरचं भांडं सारखं, आतला कॅम, स्प्रिंगा आणि डबी त्या त्या इंजिनच्या. चुकीचा भाग बिनतक्रार बसतो, गाडी सुरूही होते, आणि चूक पुढे वीस वर्षं पेट्रोलच्या नावावर खपते.

जाता जाता एक आठवण करून द्यावीशी वाटते. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद ठेकेदारीत उतरले ते कॅलथ्रॉपच्या याच बार्शी लाइट रेल्वेच्या कामातून, आणि 1944 मध्ये त्यांनीच प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, जिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी बाहेर पडल्या. आपल्या भागाचं मोटारीशी नातं इतकं जवळचं आहे. तरीही जुन्या गाडीचे भाग आपण भंगाराच्या भावानं, किलोवर विकतो.

काही जण म्हणतात, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मोड्यूल बसवा, मिटलं. बसवायला माझी हरकत नाही. ठिणगी पक्की होते, पॉइंटची झीज थांबते. पण अशा बहुतेक संचांत खालची वजनं आणि स्प्रिंगा त्याच राहतात. चुकीची स्प्रिंग मोड्यूलखालीही चुकीचीच.

माझा खरा विरोध चकचकीत करण्याला आहे. जुनी गाडी उजळवायची म्हणून भांडं बफिंगला दिलं जातं आणि ते आरशासारखं होऊन येतं, नंबर पुसून. मग आत कुठली स्प्रिंग हवी होती, हे त्या भांड्याला विचारायची सोय उरत नाही.

काकांच्या गाडीत जाड स्प्रिंग परत बसवली, दांड्याचा झिजलेला बुश बदलला. खालच्या ड्राइव्हचे दात मध्यापासून किंचित सरकलेले असतात, तो उलटा ठोकला तर रोटर विरुद्ध दिशेला तोंड करतो, म्हणून पिन काढण्याआधीच खूण केली होती. पॉइंटची फट फीलर गेजनं पंधरा थाऊ ठेवली. आता येडशीचा चढ गाडी न खडखडता चढते.

तुमच्या घरी, माळ्यावर किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात असा डिस्ट्रिब्यूटर पडला असेल, तर त्याला घासकागद लावण्याआधी खडू लावा. जे आकडे दिसतील ते वहीत उतरवा, स्प्रिंगांचा फोटो काढा, आणि सैल दिसणारी स्प्रिंग फेकू नका.