न निवळलेली बिअर आणि चवीचे प्रामाण्य

एखाद्या पेयाची चव उत्तम आहे असे म्हणणारा मनुष्य त्या पेयाविषयी काही ज्ञान सांगत असतो, की केवळ स्वतःच्या आवडीची वार्ता देत असतो, हा प्रश्न तत्त्वज्ञानात जुना आहे, आणि त्याची बहुतेक उत्तरे द्राक्षमद्य, पक्वान्न किंवा काव्य यांची उदाहरणे समोर ठेवून दिली गेली आहेत. गेल्या दोन दशकांत अमेरिकेत रूढ झालेला बिअरचा एक प्रकार, ज्याला तेथे ‘हेझी डबल आयपीए’ म्हणतात, हाच प्रश्न अधिक अवघड रूपात पुढे आणतो. कारण ज्या गढूळपणाला मद्यनिर्मितीच्या शास्त्राने दीर्घकाळ दोष मानले तोच येथे गुण ठरला, ज्या फळांची नावे घेऊन या पेयाची स्तुती होते ती फळे त्यात नसतात, आणि ज्या चवीचे मूल्यमापन करायचे ती काही आठवड्यांतच पालटते. अशा वस्तूविषयीचे विधान खरे किंवा खोटे असू शकते काय, आणि असू शकत असेल तर त्याचे प्रमाण कोणते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

‘इंडिया पेल एल’, म्हणजेच आयपीए, हे नाव एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून भारतातील इंग्रजांसाठी पाठवल्या जाणाऱ्या, हॉप्सचे प्रमाण अधिक असलेल्या फिकट बिअरवरून आले. हॉप्स ही एका वेलीची मादी फुले होत. ती उकळली की त्यांतील अल्फा आम्लांचे रूपांतर होऊन द्रवात कडवटपणा उतरतो, आणि तीच विस्तव काढल्यावर किंवा आंबवण चालू असताना टाकली, तर कडवटपणा बेताचाच उतरून सुगंधी तेले मात्र भरपूर उतरतात. आंबवणाच्या वेळी किंवा त्यानंतर हॉप्स टाकण्याच्या या रीतीला ड्राय हॉपिंग म्हणतात. ‘डबल’ म्हणजे माल्ट आणि हॉप्स दोन्हींची मात्रा वाढवलेली, सुमारे आठ टक्के किंवा त्याहून अधिक मद्यांश असलेली आवृत्ती. तिचे आद्य श्रेय सहसा कॅलिफोर्नियातील टेमेक्युला येथे व्हिनी सिलुर्झो यांनी १९९४ मध्ये केलेल्या बिअरला दिले जाते. ती परंपरा निवळ आणि करकरीत कडू बिअरची होती. व्हर्मॉंट राज्यातील वॉटरबरी येथे जॉन किमिच यांच्या ‘द अल्केमिस्ट’ने २००४ पासून केलेल्या ‘हेडी टॉपर’ या आठ टक्क्यांच्या बिअरने मात्र निराळी वाट दाखवली, आणि त्या वाटेने पुढे गेलेल्यांनी ओट्स आणि गहू यांचा वापर वाढवला, पाण्यातील सल्फेटच्या तुलनेत क्लोराइडचे प्रमाण चढते ठेवले, कडवटपणा उतरवला आणि सिट्रा, मोझॅक, गॅलॅक्सी अशा जातींचे हॉप्स सढळ हाताने वापरून आंबा, पेरू, संत्रे आणि पॅशनफ्रूट यांची आठवण देणारा, तोंडात मऊ भरणारा दुधाळ पिवळा द्रव तयार केला.

या द्रवाचे पहिले तात्त्विक आव्हान त्याच्या रूपातच आहे. मराठीत पाणी निवळते, आभाळ निवळते, मनही निवळते, आणि जे निवळत नाही ते गढूळ. भाषेनेच स्वच्छतेच्या बाजूने कौल दिलेला आहे. बिअरच्या जगातही १८४२ मध्ये बोहेमियातील पिल्झेन येथे सोनेरी, आरपार दिसणारी बिअर निघाल्यानंतर काचेच्या पेल्यातली चकाकी हेच कौशल्याचे चिन्ह मानले जाऊ लागले होते. या चिन्हाला आधार होता. बिअर गढूळ दिसली तर बहुधा तीत जंतूंचा शिरकाव झालेला असे, स्टार्चचे साखरेत रूपांतर अपुरे राहिलेले असे, किंवा यीस्ट नीट खाली बसलेले नसे. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर गढूळपणा हा हेतू होता, म्हणजे ज्यावरून अनुमान करायचे ते चिन्ह, आणि सदोष निर्मिती हे साध्य होते. जसे धुरावरून अग्नीचे अनुमान व्हावे तसे धूसरतेवरून दोषाचे अनुमान होई.

मग तेच चिन्ह २०१८ मध्ये अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशन या संस्थेच्या शैलीसूचीत ‘ज्यूसी किंवा हेझी’, म्हणजे रसाळ किंवा धूसर, या नावाने, तीन निरनिराळ्या तीव्रतांच्या बिअरसाठी, मान्य लक्षण म्हणून कसे नोंदले गेले? सहज सुचणारे उत्तर असे की चवीचे सारे निकष म्हणजे रूढी, आणि रूढी बदलली की दोष गुण होतो. हे उत्तर आकर्षक असले तरी उथळ आहे. नैयायिकांनी व्याप्तीचा, म्हणजे हेतू आणि साध्य यांच्या अव्यभिचारी साहचर्याचा, विचार करताना ‘उपाधी’ नावाची एक बारीक गोष्ट ओळखली: धूर तेथे अग्नी हे खरे, पण अग्नी तेथे धूर हे खरे नाही, कारण धूर निघण्यास इंधनाचा ओलेपणा ही अट मध्ये लागते. गढूळपणा आणि दोष यांची व्याप्ती अशीच सोपाधिक होती. धूसरता जंतूंमुळे आलेली असेल तर ती दोषाचे लक्षण आहे. ओट्स व गव्हातील प्रथिने आणि हॉप्समधील पॉलिफेनॉल यांच्या संयोगातून आलेली असेल तर नाही. म्हणजे येथे निकष पालटला असे म्हणण्यापेक्षा निकषाच्या पोटात दडलेली अट उघडी पडली असे म्हणणे अधिक योग्य, आणि रुचीच्या इतिहासातील पुष्कळशा तथाकथित क्रांत्यांचे स्वरूप असेच असते. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: धूसर म्हणून रसाळ हे अनुमानही सोपाधिकच आहे, आणि केवळ दिसण्यासाठी पीठ घालून गढूळ केलेली बिअर ही ओलसर लाकडाचा धूर दाखवून यज्ञ झाल्याचे सांगण्यासारखी आहे.

डोळा चवीत किती ढवळाढवळ करतो याचा विचार नव्यन्यायाने एका उदाहरणातून केला आहे. दूर ठेवलेले चंदन पाहून मनुष्य ‘हे सुगंधी चंदन आहे’ असे म्हणतो, तेव्हा गंध नाकापर्यंत पोचलेला नसतो. पूर्वीच्या अनुभवातील गंधाचे ज्ञानच पाहण्याच्या क्रियेत मिसळते आणि सुगंध जणू दिसतो. याला ज्ञानलक्षण प्रत्यक्ष म्हणतात. फ्रान्समध्ये केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५४ परीक्षकांना पांढरे द्राक्षमद्य केवळ लाल रंगवून दिले असता त्यांनी त्याचे वर्णन लाल मद्याला लावायच्या शब्दांनीच केले. चंदनाच्या उदाहरणाला याहून चांगला आधुनिक दाखला मिळणे कठीण. पेल्यातील दुधाळ केशरी रंग पाहिलेल्या परीक्षकाला पहिल्या घोटाआधीच संत्र्याचा रस ‘दिसलेला’ असतो. ‘हेडी टॉपर’च्या डब्यावर ती डब्यातूनच प्यावी अशी सूचना असते, आणि तिचे सांगितलेले कारण सुगंध टिकावा हे असले, तरी तिचा एक परिणाम असाही होतो की डोळ्याला साक्षीदार म्हणून बोलावलेच जात नाही.

फळांच्या नावांचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि तेथे थोडे थांबणे आवश्यक आहे. हॉप्समध्ये आंबा नसतो. परंतु आंबा, पेरू, ग्रेपफ्रूट अशा फळांच्या गंधाला कारण होणारी काही संयुगे हॉप्समध्ये असतात किंवा यीस्टच्या क्रियेने त्यांतून मोकळी होतात. गंधकयुक्त थायॉल ही त्यांतील सर्वांत प्रभावी, आणि एका लिटरमध्ये ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या हिशेबात मोजाव्या लागणाऱ्या मात्रेतही ती नाकाला कळतात. त्यामुळे ‘पेरूचा वास येतो’ हे विधान कल्पनाविलास नव्हे. त्याला वस्तूत आधार आहे. पण तेवढ्याने ते पेरूचे प्रत्यक्षही ठरत नाही. बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नागाने प्रत्यक्षाला कल्पनेपासून मुक्त मानले, म्हणजे नाव आणि जाती चिकटण्यापूर्वीचे शुद्ध संवेदन हेच त्याच्या मते प्रत्यक्ष. उलट नैयायिकांनी नावासह होणाऱ्या सविकल्पक ज्ञानालाही प्रत्यक्षाचा मान दिला. बिअरचा परीक्षक या दोन मतांच्या सीमेवर काम करतो. पहिल्या क्षणी नाकात जे उमटते त्याला नाव नसते, आणि नाव शोधताना तो आपल्या आयुष्यातील फळांच्या आठवणींकडे वळतो. ज्याने पॅशनफ्रूट कधी पाहिले नाही अशा कोकणातील परीक्षकाला तोच थायॉल पिकल्या पेरूची किंवा फणसाची आठवण देईल, आणि त्याचे विधान अमेरिकी परीक्षकाच्या विधानाहून कमी खरे असणार नाही. कारण दोघेही उपमानाने, म्हणजे ज्ञात वस्तूच्या सादृश्यावरून, एकाच कारणाकडे बोट दाखवीत आहेत. शब्द किती फसवे असतात याची साक्ष मराठीच देते: आजचा ‘कडू’ हा शब्द संस्कृत ‘कटु’पासून आला, पण आयुर्वेदाच्या षड्रसांत कटु म्हणजे मिरीसारखा तिखट रस, आणि कडुनिंबाचा रस मात्र तिक्त. शब्द रसांवरून घसरत गेले, पण म्हणून कडुनिंब कमी कडू झाला नाही.

तरीही एक अडचण उरते. यांपैकीच एक थायॉल अल्प मात्रेत ब्लॅककरंट या फळाची आठवण देतो, आणि मात्रा वाढली की मांजराच्या मूत्राची. शिवाय हॉप्समधील काही गंध कोणाला फळासारखे तर कोणाला कांद्यासारखे वाटतात. आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत १९३१ साली उडालेली एका संयुगाची पूड सहकाऱ्याला जहर कडू लागली आणि स्वतः फॉक्स यांना काहीच लागली नाही, तेव्हापासून हे ज्ञात आहे की जिभांची घडणच सारखी नसते. तत्त्वज्ञ ह्यूम यांनी १७५७ मधील रुचीविषयक निबंधात स्पॅनिश कादंबरीतील सान्चो पान्झा या पात्राच्या दोन नातलगांची गोष्ट योजली आहे: पिंपातील मद्य चाखून एकाने त्यात चामड्याची व दुसऱ्याने लोखंडाची छटा सांगितली, दोघांची थट्टा झाली, आणि पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडली. ह्यूम यांच्या मते सूक्ष्म रुची ही अशी खरी ठरू शकते. कांट मात्र १७९० मध्ये कॅनरी बेटांच्या मद्याचे उदाहरण घेऊन म्हणतात की ते ‘मला’ रुचते एवढेच म्हणण्याचा अधिकार मनुष्याला आहे. सौंदर्याच्या विधानासारखी सर्वांच्या संमतीची मागणी जिभेच्या सुखाला करता येत नाही. मराठीत रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त कांटच्या या विचाराचा जो साक्षेपी परामर्श घेतला आहे, त्यामुळे हा भेद मराठी वाचकाला नवा नाही. परंतु या ठिकाणी कांट पूर्णपणे पटत नाहीत. ‘मला रुचते’ आणि ‘हे सुंदर आहे’ यांच्या मध्ये एक तिसरे विधान असते, ‘हे नीट झाले आहे’, आणि परीक्षकाचे सारे शिक्षण त्या तिसऱ्या विधानासाठी असते. ज्याला हा प्रकार आवडत नाही तोही त्याचा उत्तम नमुना ओळखू शकतो. आवडीचा हट्ट असता तर हे घडले नसते.

या तिसऱ्या विधानाची रीत गुणपत्रिकेत दिसते. बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम या संस्थेच्या पत्रिकेत एकूण ५० गुण असतात: गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि समग्र ठशाला १०. या संस्थेने २०२१ मध्ये हेझी आयपीएला स्वतंत्र स्थान देताना मद्यांश ६ ते ९ टक्के अशी मर्यादा घातली. रूपाला अवघे तीनच गुण असावेत हे चंदनाच्या उदाहरणानंतर अत्यंत शहाणपणाचे वाटते. परीक्षक पाहतो की फळांचा गंध ताजा आहे की कापलेल्या गवतासारखा, आठ टक्के मद्याची ऊब घशात टोचते की अंगात विरते, आणि हॉप्सचे कण राहून गेल्याने गिळल्यावर चरचर होते की नाही. पण या तुकड्यांची बेरीज म्हणजे चव नव्हे. काव्यशास्त्रात अभिनवगुप्त आणि त्यांच्यामागून मम्मट यांनी रसाच्या अखंडतेसाठी पानकरसाचा दृष्टान्त वापरला: गूळ, मिरी, वेलची इत्यादींचे पेय पिताना घटक वेगळे लागत नाहीत, लागते ते एक निराळेच काही. मराठीतील ‘पन्हे’ हा शब्द त्याच पानकाचा वंशज. मूल्यमापनाची खरी कसोटी या ताणात आहे, कारण विश्लेषण केल्याशिवाय दोषाचे कारण सापडत नाही आणि विश्लेषणातच थांबल्यास जे चाखायचे ते हातून निसटते. समग्र ठशाचे दहा गुण हे त्या निसटण्याची भरपाई करण्याचा एक प्रामाणिक, तरी अपुरा प्रयत्न आहेत.

अभिनवगुप्तांनी रसानुभवाची सात विघ्ने सांगितली, आणि त्यांतील एक म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून राहणे. परीक्षकाची शिस्त हे याच विघ्ननिवारणाचे रूप आहे: अत्तर न लावणे, निर्मात्याचे नाव झाकणे, इतरांचे मत ऐकण्याआधी आपले मत लिहिणे. एक विघ्न मात्र या पेयाच्या स्वभावातच आहे. द्राक्षमद्याचे परीक्षक घोट थुंकतात. बिअरचे परीक्षक सहसा गिळतात, कारण मागे राहणारा कडवटपणा त्याशिवाय नीट कळत नाही, आणि त्यामुळे प्रमेयच प्रमाणाला मलिन करीत जाते. मद्यपानाच्या नैतिकतेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ज्ञानाच्या दृष्टीने संयम येथे सक्तीचा आहे. दहाव्या नमुन्याला पहिल्याइतकाच न्याय द्यायचा तर पहिला घोट लहानच घ्यावा लागतो.

ह्यूम यांच्या गोष्टीतील पिंप रिकामे झाले आणि पुरावा सापडला. हेझी आयपीएचे पिंप रिकामे झाल्यावर तळाशी केवळ गाळ उरतो. शिवाय प्राणवायूचा थोडा स्पर्शही या द्रवाला सोसत नाही. त्याचा पिवळा रंग करडा-जांभळट होत जातो, आंब्यापेरूचा गंध मावळतो आणि मधासारखी जड गोडी उरते, म्हणजे ज्या चवीविषयी विधान केले ती चव महिन्या-दोन महिन्यांनी तपासायला जगात शिल्लकच नसते. म्हणून येथे प्रमाण मिळते ते एकाच वेळी, एकाच भांड्यातून चाखणाऱ्या इतरांच्या जिभांवर. दोन परीक्षकांचे गुण फार लांब पडले तर ते सरासरी काढून मोकळे होत नाहीत. एक जण पेरू म्हणालेला असतो, दुसरा कांदा, आणि पेला अजून पुरता गरम झालेला नसतो, तेवढ्यात दोघेही पुन्हा एक घोट घेतात.