तीन दिवसांचा दाखला

बेलापूरहून मेट्रोने निघाले की तिसरे स्थानक बेलपाडा. आमच्या डोळ्यांदेखत इथे इमारती उठल्या आणि नोव्हेंबर २०२३पासून मेट्रोही धावू लागली. हे सारे ज्यांच्या हातांनी उभे राहिले, तसलीच माणसे सकाळी थापी-घमेले घेऊन रस्त्याच्या कडेला कामाची वाट पाहत असतात.

घराच्या भिंतीला ओल आली तेव्हा आम्ही त्यांतलाच एक गवंडी आणि एक बिगारीण बोलावली. काम तीन दिवस चालले. मजुरी रोजच्या रोज दिली, घाम वाळायच्या आत. आणि मनातल्या मनात स्वतःवर खूशही झालो. शेवटच्या दिवशी बाईने पिशवीतून एक कागद काढला. "भाऊ, यावर सही करा. नव्वद दिवस लिहा."

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर उपकर घ्यायचा आणि त्यातून मजुरांचे कल्याण करायचे. मात्र नोंदणीसाठी मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केलेले हवे. नोव्हेंबर २०२५मध्ये हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. नव्वद दिवसांची अट राहिलीच. बाई वर्षभर राबते, पण अनेक दारांत. नव्वद दिवसांचा साक्षीदार एकही नाही.

खोटे लिहायला आम्ही तयार नव्हतो. दाखला मागणाऱ्यालाही दोष कसा द्यावा? माप सैल केले की बोगस नावे घुसतात आणि खरा मजूर मागेच राहतो. तरीही मन मानेना. खोटे तिच्या मागणीत आहे, की श्रम मोजण्याच्या या मापात? घेताना भरून घेणारे आणि देताना माप मारणारे यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये दिलेला इशारा आपण लहानपणीच शिकतो, आणि आयुष्यभर तो दुकानदाराला लावतो. सिमेंटच्या गोण्या आम्ही मोजून घेतल्या होत्या. बिगारणीचे दिवस कुठेच टिपले नव्हते.

वाशीच्या घाऊक बाजारातला माथाडीही एका मालकाचा नसतो. पण १९६९च्या माथाडी कायद्याने मालकांना मजुरी मंडळाकडे भरायला लावली. ओझे कोणत्याही गाळ्यावर उतरो, हिशेब एकाच नावावर जमतो. नाक्यावरच्या बाईला अशी वही नाही.

शेवटी आम्ही साध्या कागदावर तीनच दिवस लिहिले: तारखा, काम, मजुरी, पत्ता, सही. तिने तो आमच्याकडूनच वाचून घेतला, घडी घातली.

"असे तीस कागद कोण जमवून देणार, भाऊ?"